पाच वावरांची पायवाट

मी आयुष्यभर आर्किटेक्चर शिकवलं. गावाकडं हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मग सर, देवघर कुठल्या दिशेला घ्यावं?" सुरुवातीला मी चिडायचो आणि वास्तुशास्त्र वेगळं, वास्तुकला वेगळी असं व्याख्यान द्यायचो. पुढं पुढं "ईशान्येला घ्या" म्हणून मोकळा व्हायला लागलो. माझा विषय देवघर नव्हता, आणि खरं म्हणजे घरही नव्हतं. दोन घरांच्या मधे जी जागा उरते, तो माझा विषय. नव्वदच्या दशकात पुण्याच्या कडेनं ज्या वसाहती उगवत होत्या, तिथं माणूस आपल्या दारातून निघून पायी कुठवर जाऊ शकतो, हे मी टेप घेऊन मोजत हिंडायचो. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच यायचं. गेटपर्यंत.

दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एक नकाशा काढायला सांगायचो. तुमची आई पाच मिनिटांत पायी जिथं जिथं पोचते, तेवढंच कागदावर दाखवा. मुलं जिना, पार्किंग, वॉचमनची खोली असं काहीतरी काढून आणायची. मग मी फळ्यावर माझ्या आईचा नकाशा काढायचो. विहीर, चिंच, ओढा, डेअरी, आणि पाच वावरं ओलांडून काकीचं घर. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. चांगली वस्ती कशी असते याचं उदाहरण म्हणून माझी आई आणि काकी कितीतरी वह्यांमधे गेल्या आहेत. पुढं काय झालं ते मी वर्गात कधी सांगितलं नाही. धीर झाला नाही, हे खरं.

आळेफाट्याच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्याला लागून आमच्या भावकीची जमीन. आमच्याकडं वाटण्या होताना प्रत्येकाचा एकच हट्ट असतो, मला रस्त्याला तोंड पाहिजे. त्यामुळं जमीन आडवी कापायचा प्रश्नच येत नाही. रस्त्यापासून मागं ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पडतात. रुंदी चाळीस पावलं, लांबी अर्धा किलोमीटर. आजोबांच्या वाट्याला अशा दोन पट्ट्या आल्या होत्या, एक या टोकाला आणि एक त्या, मधे भावकीची पाच वावरं. वडिलांनी एक घेतली, काकांनी दुसरी. घरं सगळ्यांची मागं ओढ्याच्या बाजूला, कारण विहिरी तिकडं होत्या. या घरांना जोडणारी एक पायवाट होती. ती कुणी आखली नव्हती. नांगरताना वावराच्या टोकाला औत वळवायला दोन-तीन हात जागा मोकळी सोडावी लागते. पाची जणांनी सोडलेली ती जागा सलग झाली आणि लोक तिच्यावरून चालायला लागले, एवढंच.

वडील आणि काका एकमेकांशी बोलत नसत. वाटणीत बैलजोडीतला एकेक बैल दोघांना गेला होता, त्यावरून बिनसलं. एका बैलावर औत हाकता येत नाही हे दोघांनाही कळत होतं, पण आधी तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं. दोघांनी दुसऱ्यांचे बैल मागून आणले आणि तसेच दिवस काढले. बायकांनी मात्र हे भांडण घरात घेतलंच नाही. आई थोरली जाऊ, काकी धाकटी. दिवस कलला की एकीचं विरजण संपायचं. रोज. आई वाटी घेऊन पायवाटेनं काकीकडं निघायची, नाहीतर काकी आईकडं यायची. विरजण चमचाभर, बोलणं तासभर. वडील ओसरीवरून म्हणायचे, "ह्या घरातलं दही मेलं वाटतं रोज." आई ऐकलं न ऐकलं करायची.

पुढं वडील गेले, काकाही गेले. मी पुण्यात नोकरीला, शेत वाट्यानं दिलेलं, आणि आई मळ्यात एकटी. चल पुण्याला म्हटलं की ती एकच विचारायची, "तिथं दिस कलल्यावर मी कुनाकडं जाऊ?" पुण्यातल्या आमच्या सोसायटीत शेजारच्या दारावरची पाटी मी चार वर्षं वाचत होतो आणि त्या माणसाचा चेहरा मला ठाऊक नव्हता. आईचं सगळं जगणं त्या दोनशे पावलांवर उभं होतं. तेवढी वाट शाबूत राहिली तर ती एकटी राहू शकत होती. हे तेव्हा इतकं स्पष्ट कळलं असतं तर मी हात बांधून गप्प बसलो असतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फाट्याकडून वस्ती सरकत सरकत आमच्या बाजूला यायला लागली. आधी खताचं दुकान, मग ढाबा, मग मंगल कार्यालय, मग पतसंस्थेची काचेची इमारत. रस्त्याकडची वावरं गुंठ्यागुंठ्यानं जायला लागली. मी शनिवारी एसटीतून उतरलो की दर वेळी एक नवा गाळा दिसायचा. पुण्यात जे मोजून मोजून मी वैतागलो होतो, तेच माझ्या दारात येत होतं. मला वाटलं, इथं अजून वेळ आहे. बिघडायच्या आत हे घडवता येईल. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला असं काही वाटायला लागलं की आसपासच्यांनी सावध व्हावं.

मी आराखडा केला. दोन वर्षं खपून केला. ती पायवाट हा त्याचा कणा. सातही पट्ट्यांनी ओढ्याकडची तीस फूट जागा सोडायची, तिथं झाडं लावलेला पायी चालायचा रस्ता करायचा, घरांची तोंडं त्या रस्त्याकडं ठेवायची. गाड्या पुढच्या बाजूला राहतील. पोरं शाळेत, बाया डेअरीत, म्हातारी माणसं देवळात हमरस्त्याला पाय न लावता जातील. हिशेबानं प्रत्येकाचा फायदाच होता. त्या आराखड्याबरोबर मी एक रंगीत चित्र काढलं. करंज आणि कडुलिंबाची सावली, वळणाची वाट, आणि वाटेवर दोन बायका पाठमोऱ्या चाललेल्या. एकीच्या हातात वाटी. चित्र बघून आई म्हणाली, "माझं लुगडं असल्या रंगाचं न्हाई." पण तिला ते आवडलं होतं. कपाटाच्या काचेला तिनं त्याची झेरॉक्स चिकटवली.

मारुतीच्या देवळात मी भावकीला बोलावलं, चहा सांगितला आणि थर्माकोलचं मॉडेल पुढं ठेवलं. सगळे वाकून बघत होते. प्रत्येकजण बोटानं आपली विहीर शोधत होता. सापडली की मागं सरकून बसत होता. एक वडीलधारे गृहस्थ बराच वेळ झाडांकडं बघून म्हणाले, "झाडं लई लावलीत, सर. पानी कोन घालनार?" मी म्हटलं, सगळे मिळून. त्यावर सगळे हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, पण मी तिथंच समजायला हवं होतं. चहा झाला. उठताना प्रत्येकजण म्हणाला, बाकीचे तयार असतील तर माझी काय हरकत? मी बिचारा खूष. पाच जणांनी प्रत्येकी हो म्हटलं असा मी अर्थ काढला.

माझी समजूत अशी झाली की कागद यांना वाचता येत नाही. मॉडेलही खेळण्यासारखं वाटलं असेल. जमिनीवर दाखवलं की कळेल. त्याच थंडीत, दिवाळी होऊन गेल्यावर, मी कॉलेजातली मुलंमुली घेऊन आलो. टेप, लाल-पांढरे बांबू, लेव्हलचं मशीन आणि फक्कीच्या चार गोण्या. दोन दिवस आम्ही ओढ्याच्या कडेनं मोजणी केली आणि तीस फुटांच्या रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या फक्कीनं आखून काढल्या. ओढ्याबरोबर वळत गेलेल्या त्या दोन रेघा मी विहिरीच्या काठावर उभं राहून पाहिल्या. इतक्या वर्षांत कागदाबाहेर आलेलं माझं पहिलं काम. मला भरून आलं, हे सांगायला आता लाज वाटते.

काकी तिच्या दारातून बघत होती. थोड्या वेळानं ती रेघेपर्यंत आली. रेघ ओलांडली नाही. फक्कीकडं बघत तिनं मला विचारलं, "हितवर पानी येनार का रं?"

मी हसलो.

काकीचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. डिंभ्याच्या धरणात ते गाव गेलं. तिथं आधी दुर्बिणीवाले साहेब आले होते. त्यांनी तीन पायांच्या घोडीवर मशीन लावलं, माणसं लाल-पांढरे बांबू धरून उभी राहिली, आणि मग दगडांना, भिंतींना, देवळाच्या ओट्याला चुन्याच्या खुणा लागल्या. लोकांनी विचारलं तर साहेब म्हणाले, नुसती मोजणी आहे. काही वर्षांनी पाणी त्या चुन्यापर्यंत येऊन थांबलं. काकीच्या भावाची जमीन गेली, घर गेलं, आणि तिला माहेरपणाला जायला जागाच उरली नाही. तिकडं डिंभे, इकडं येडगाव. आमच्या भागात असं घर नाही ज्याच्या एकातरी पाहुण्याचं शिवार पाण्याखाली गेलेलं नाही. दुर्बीण लागली की जमीन जाते, हे इथं पोराटोरांना माहीत. मलाही माहीत होतं. मी इथलाच. पण वीस वर्षं मशीनच्या मागच्या बाजूनं बघत राहिलो की पुढच्या बाजूनं ते कसं दिसतं याचा विसर पडतो. काकीनं खरंच विचारलं होतं आणि मी हसलो. नंतर समजावून सांगितलं, झाडं, सावली, चालायला रस्ता. तिनं मान हलवली. त्या संध्याकाळी आईकडं येताना ती रेघांच्या बाहेरून, ढेकळांतून आली.

मी रविवारी पुण्याला परतलो आणि मागं दोन बातम्या फिरल्या. एक, की सरकार ओढ्याकडनं बायपास काढतंय आणि सर सरकारचा माणूस आहे. दुसरी, की तीस फुटी रस्ता पास झाला, आता मागच्या बाजूचे प्लॉटही सोन्याच्या भावानं जाणार. पहिलीनं म्हाताऱ्यांची झोप उडाली, दुसरीनं तरण्यांची. उपाय मात्र दोघांनाही एकच सुचला. आपली हद्द आधी पक्की करा. जमीन घ्यायची म्हटली तरी भिंत असली की सरकारला मोबदला वाढवून द्यावा लागतो, आणि विकायची म्हटली तरी भिंत असलेला प्लॉट चांगला दिसतो. पंधरा दिवसांत पहिली भिंत उभी राहिली. बरोबर माझ्या फक्कीवर आडवी, थेट ओढ्यापर्यंत. ती माझ्या चुलतभावानं घातली होती, काकीच्या मुलानं.

मी तसाच त्याच्याकडं गेलो. तो माझ्याहून लहान, कधी वर मान करून न बोललेला. म्हणाला, "दादा, खरं सांग. सरकारी हाय का?" मी आईची शपथ घेऊन सांगितलं, नाही. तो म्हणाला, "मामालाबी तवा असंच म्हनले व्हते." मी ओरडलो. मी साहेब आहे का, मी तुझा भाऊ आहे, असं बरंच बोललो. काकी आतून बाहेर आली, तिनं मुलाला शिव्या घातल्या, भिंत पाड म्हणाली. तो म्हणाला, "बाकीच्यांना पाडू दे, मी आधी पाडतो." पण बाकीच्यांनी तोवर घातलीही नव्हती. ती महिन्याभरात घातली. एकानं तार ओढली, मग दुसऱ्यानं पत्रे मारले, मग सगळ्यांनीच विटांचं काम काढलं. कुणी विचारलंच तर बिबट्याचं निमित्त सांगायचं. बिबट्या तेव्हा उसात खरोखरच होता, त्यामुळं कुणाला खोटंही पाडता येत नव्हतं.

मी दारोदार गेलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी अभ्यासफेरी तीच. प्रत्येक ओसरीवर चहा झाला. प्रत्येकजण माझ्याशी गोड बोलला, आईची तब्येत विचारली, आणि म्हणाला, "बाकीच्यांनी काढली तर मी काढतो, राव. मला काय हौस हाय का?" यात कुणी खोटं बोलत होतं असं मला आजही वाटत नाही. आधी दुसऱ्यानं, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं होतं. मला वडील आणि काका आठवले, एकेक बैल धरून बसलेले.

मग मी कागदांच्या मागं लागलो. तलाठ्यानं नकाशा पसरला, ओढा दाखवला, गट दाखवले. पायवाट कुठंच नव्हती. "सर, नकाशात न्हाई म्हनजे न्हाई." जगात एकच नकाशा असा होता ज्यात ती वाट दाखवलेली होती, आणि तो मी काढलेला होता. त्याला कोण विचारतं? पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा दावा लावता येतो असं एका वकिलानं सांगितलं. साक्षीदार लागतील, आणि दावा सगळ्यांवर लावावा लागेल, चुलतभावासकट. आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "तिच्या पोरावर केस घालून मी तिच्या घरी कशी जाऊ?" ती म्हणाली. दावा तिथंच संपला.

आता पुढून जायचं म्हणजे आपल्या पट्टीतून अर्धा किलोमीटर रस्त्यापर्यंत, मग हमरस्त्याच्या कडेनं दोनशे पावलं, मग काकीच्या पट्टीतून अर्धा किलोमीटर आत. आईनं सुरुवातीचे काही महिने तेही केलं. एकदा मागून आलेल्या ट्रकच्या वाऱ्यानं तिचा पदर उडाला आणि ती तोल जाऊन खडीत बसली. तेव्हापासून तिनं ते सोडलं. काकीचे गुडघे तर आधीच गेलेले. दहीसुद्धा आई पिशवीतलं विकत आणायला लागली. दोघी जावा अर्ध्या हाकेच्या अंतरावर राहत होत्या आणि तिसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात भेटत होत्या. भेटल्या की एकमेकींचा हात धरून बसायच्या, पंगत उठली तरी. फोन आले, पण काकीला ऐकू कमी यायचं. आई फोनवर ओरडायची, "जेवलीस का?" पलीकडून चुलतभावाची बायको सांगायची, जेवल्या. मग काय बोलायचं हे आईला सुचायचं नाही.

त्या सुमारास मी वर्गात चिडका झालो. मुलांच्या ड्रॉइंगवरची झाडं बघितली की विचारायचो, पाणी कोण घालणार? मुलांना वाटायचं सर विनोद करताहेत. मी आणखी तीन गावांचे आराखडे केले, चर्चासत्रांत मांडले, टाळ्या घेतल्या. एकाही गावात एक फूट जागाही कुणी सोडली नाही. थांबलो का नाही, तर दुसरं काही येत नव्हतं.

दोन हजार सालानंतर मधली दोन वावरं विकली गेली. विकत घेणाऱ्यानं तिथं बंगल्यांची स्कीम काढली. त्याचा आर्किटेक्ट माझाच जुना विद्यार्थी निघाला. हुशार, पाया पडणारा. मला भेटायला आला तेव्हा जाहिरातीचं चकचकीत पुस्तक घेऊन आला. पहिल्या पानावर माझं चित्र होतं. तीच सावली, तेच वळण, त्याच दोन पाठमोऱ्या बायका, वाटीसुद्धा. "सर, तुमच्या कामाला मानवंदना म्हणून घेतलंय," तो म्हणाला, आणि तो मनापासून बोलत होता. मी आतली पानं उलटली. आत उभ्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना भिंती, पुढं गेट. मी विचारलं, ही वाट कुठं आहे यात? तो जरा गोंधळला. "सर, ते फक्त फील यावा म्हणून." मी त्याला हाकलून दिलं नाही. चहा दिला. आईला ते पुस्तक दाखवलं नाही, पण शेजारणीनं दाखवलं. आई मला म्हणाली, "आमी दोघी लई लोकांच्या घरात गेलो म्हनायचं." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

एक शेवटचा प्रयत्न मी केला. आराखडा, झाडं, तीस फूट सगळं सोडून दिलं. पाची जणांकडं एवढंच मागितलं की भिंतीत एक छोटी दिंडी ठेवा, म्हातारं माणूस वाकून जाईल एवढी. दारं मी बसवून देतो. या वेळी आधी चुलतभावानंच आपल्या भिंतीला भोक पाडलं. त्याला झाल्या गोष्टीचं वाईट वाटत होतं, आणि काकी त्याच्याशी धड बोलत नव्हती. मग चौघांनी हो म्हटलं. मी गवंडी लावला, लोखंडी दारं बसवली. पाचवा म्हणजे स्कीममधला, मधोमधच्या बंगल्याचा मुंबईतला मालक. तो वर्षातून दोनदा यायचा. मी त्याला गाठलं. सभ्य माणूस. म्हणाला, "प्रोफेसर, तुम्हीच सांगा, मी इथं नसताना मागचं दार उघडं कसं ठेवू?" त्याचंही बरोबरच होतं. आई एकदा दोन दारं ओलांडून त्या तिसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन आली. पलीकडून काकीही आली होती म्हणे. मधे एक बंगला होता, त्यामुळं दोघींना एकमेकी दिसल्या नाहीत. हाका मारल्या, पण काकीला ऐकू आलं नसावं. वर्षभरात ज्यानं त्यानं आपापल्या दाराला कुलूप लावलं.

काकी गेली तो दिवस शनिवारचा, म्हणून मी मळ्यात होतो. सकाळी दहाच्या सुमाराला मोबाइल वाजला. चुलतभाऊ होता. "दादा, आई बाईंची आठवन काढतीय. घिऊन ये. लवकर ये." काकी माझ्या आईला बाई म्हणायची. मी आईला सांगितलं. तिनं चुलीवरचं आधण खाली उतरवलं, तांब्यात पाणी घेतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि मागच्या दारानं निघाली. भिंती होऊन दहा वर्षं झाली होती. तरी तिचे पाय ओढ्याकडं वळले. दहा पावलं गेल्यावर तिला आठवलं. ती तिथंच थांबली, माझ्याकडं न बघता. मी जाऊन तिचा दंड धरला आणि तिला फिरवून गाडीकडं आणलं. ते फिरवणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फाट्याजवळ तोवर रस्ता रुंद होऊन मधे दुभाजक आला होता. आमच्या पट्टीतून बाहेर पडलं की डावीकडंच वळावं लागायचं, आणि काकीचं घर उजवीकडं. एरवी सगळे उलट्या बाजूनं घुसतात, मीही घुसायचो. त्या दिवशी कांद्याच्या गाड्यांची रांग कडेनं लागलेली, मुंगी शिरायला जागा नव्हती. फाट्यापर्यंत जायचं, वळायचं, पुन्हा काकीच्या पट्टीवरून पुढं जायचं आणि लांबवर वळून मागं यायचं, एवढाच रस्ता उरला होता. फाट्यावर गाडी अडकली. नगरकडून आलेला एक कंटेनर वळताना आडवा झाला होता. मी उतरलो, हॉर्न वाजवणाऱ्यांवर ओरडलो, पोलिसाला हात जोडले. आई मागच्या सीटवर दोन्ही हातांनी तांब्या धरून बसली होती, पाणी सांडू नये म्हणून. पलीकडच्या बाजूनं जाताना दुभाजकावरून आमची पट्टी दिसली, मग पाच वावरं, मग काकीची पट्टी. वळण अजून पुढं होतं. आई मान वळवून ती पट्टी मागं जाईपर्यंत बघत राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि चुलतभाऊ पायरीवर बसला होता. मला बघून तो उठला नाही. घरातून निघाल्याला पाऊण तास झाला होता. आत काकीला खाली घेतलं होतं. आई बायकांमधून वाट काढत गेली, तिच्या उशाशी बसली, तांब्या बाजूला ठेवला. रडली नाही. काकीच्या कपाळावरचे केस तिनं मागं सारले आणि तिच्या कानाशी वाकून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाली, "आले गं मी. लांबनं यावं लागलं बघ."

काकीच्या सुनेनं आईला धरून बाजूला घ्यायला पाहिलं, पण ती हलली नाही, आणि मला तिथं थांबवत नव्हतं नि बाहेरही जाववत नव्हतं.